भडक लाल

चैत्र सरत आला की सोलापुरात माणसं भिंतीच्या कडेनं चालायला लागतात. सावलीची हातभर पट्टी असते, ती सोडून कुणी पाऊल टाकत नाही. दुकानांचे पडदे अर्धे खाली येतात, रसवंतीची घुंगरं एकसारखी वाजत राहतात आणि आमच्या शेडचा पत्रा दुपारी तडतडायला लागतो. नेमक्या याच दिवसांत मी माझी भट्टी लावते. समोरचा टेलर दरवर्षी एकच विनोद करतो, "अक्का, बाहेर ऊन कमी पडलं व्हय?" मीही दरवर्षी एकच उत्तर देते, "तुमच्या उन्हानं नुसता घाम येतो. माझ्या उन्हानं रंग येतो."

आता हे उत्तर सवयीनं तोंडातून निघतं. पहिल्यांदा दिलं तेव्हा मात्र ती नुसती ऐट होती. तेव्हा माझ्या भट्टीतून जे निघत होतं, त्याला रंग म्हणायला माझीच जीभ रेटत नव्हती. तो उन्हाळा मी विसरलेले नाही आणि त्या उन्हाळ्यात मला जे ऐकवलं गेलं तेही विसरलेले नाही. विसरणं माझ्या स्वभावात नाही. ज्यांना जमतं त्यांनी खुशाल मोठ्या मनाचं व्हावं.

माझं काम असं. सपाट काचेवर रंगीत काचेची पूड चाळायची, तिचं चित्र मांडायचं आणि ते भट्टीत ठेवायचं. आत पूड वितळते आणि खालच्या काचेशी एकजीव होते. लोकांना वाटतं मी काचेवर रंग लावते. लावलेला रंग नखानं निघतो. माझा रंग म्हणजे काचच असते. पूड दिसायला पिठीसाखरेसारखी, पण चिमटीत धरली की करकरते. तोंडाला मास्क बांधल्याशिवाय तिचा डबा उघडायचा नाही. छातीत गेलेली काच परत बाहेर येत नाही.

काच मला परकी नव्हती. मंगळवार पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान. दुकान म्हणजे भिंतीला फळ्या, एक आरसा आणि समोर जाजम. वडील लवकर गेले, आईनं दुकान सोडलं नाही. गिऱ्हाईक सगळ्या गावचं. कुणी म्हणायचं "कमी करा की", कुणी "स्वल्प कडिमी माड्री", कुणी "तग्गिंचंडी", कुणी "थोडा कम करो ना खाला". माझं शाळेतलं शिक्षण बेताचं, पण चार भाषांत घासाघीस करायला आणि चारही भाषांत नाही म्हणायला मी त्या जाजमावर शिकले.

लग्नसराईत आम्ही घरोघर चुडा भरायला जायचो. आई विधवा, म्हणून बायका तोंडावर काही बोलायच्या नाहीत, पण नवरीचा हात तिच्यापुढे करायच्याही नाहीत. मग आमचं ठरून गेलं. आई नवरीच्या मुठीकडे एकदा बघायची, बरोबर मापाच्या बांगड्या काढून माझ्या हातात द्यायची आणि मी त्या भरायची. अख्ख्या पेठेतल्या मुलींची मनगटं आईनं अशी लांबूनच मोजली. तिची स्वतःची मनगटं उघडी. त्यांवर मी कधी धागासुद्धा पाहिला नाही.

दुपार कलली की दुकानात पश्चिमेचं ऊन यायचं. दाराशी लाल बांगड्यांचे तोडे टांगलेले असायचे. त्यांतून ऊन आत आलं की आरशाखाली एक लाल डाग पडायचा. हलणारा, ओला वाटावा असा. शाळेतून आल्यावर मी त्यात बोटं धरून बसायचे. पुढे काचेच्या कामाचं वेड लागलं ते त्या डागामुळे. मला तो लाल हवा होता. दुसरे रंग आले तर येऊ देत, पण तो हवाच होता.

भट्टी जुनीच घेतली. पुण्यात एक बाई आपला स्टुडिओ बंद करत होत्या. त्यांच्याशी मी इतकी घासाघीस केली की शेवटी त्यांनी चहा करायचा सोडून दिला आणि म्हणाल्या, "न्या बाई." त्यांनी जुजबी शिकवलं, बाकी मी मोबाइलवर बघून बघून शिकले.

आणि पहिलीच चूक अशी केली की ती बांगड्यांच्या दुकानात वाढलेल्या माणसाकडूनच व्हावी. मला वाटलं, पूड विकत कशाला आणायची? घरात लाल काच काय थोडी आहे? दुकानातल्या पिचक्या बांगड्या गोळा केल्या आणि खलबत्त्यात घालून कुटायला बसले. आवाज ऐकून आई बाहेर आली. बांगडीला कधी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं, हे जिनं मला बोलायला शिकवताना शिकवलं, तिच्यासमोर मी लाल बांगड्या कुटत होते.

"कुणाच्या नावानं कुटायलीस गं?" तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला.

"रंगाच्या नावानं."

"मग रंग बी तसलाच येईल."

तसलाच आला. कुटता कुटता लाल बांगडी गुलाबी झाली, मग गुलाबीही राहिली नाही, पांढुरकी झाली. ती पूड खिडकीच्या काचेवर पसरून भाजली. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर काच आडवी तडकलेली. बांगडीची काच आणि खिडकीची काच गार होताना सारखी आकसत नाही. एक दुसरीला ओढते आणि दोघी जातात. हे मला नंतर कळलं. आई तुकड्यांकडे बघून एवढंच म्हणाली, "बरं झालं."

मग मुंबईच्या व्यापाऱ्याकडून एकमेकींशी जुळणारी काच आणि पूड मागवली. त्यालाही फोनवर रडकुंडीला आणलं. आणि घासाघीस करून आणलेली वस्तू मी जशी वापरते तशीच वापरली, म्हणजे जपून. चहाच्या गाळणीतून पुडीचा थर असा धरला की काच झाकली गेली पाहिजे, वर कण जास्त पडता कामा नये. भाजल्यावर जे निघालं ते धुवून धुवून विटलेल्या साडीसारखं. मधे मधे कणकण, पलीकडचं बोट दिसावं इतकं विरळ.

नेमकं तेव्हाच आप्पांचं काम आलं. आप्पा मूळचे दुधनीचे, तुरीचे व्यापारी. त्यांच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या बायका आमच्याकडे बांगड्या भरतात. अक्कलकोट रोडला त्यांनी मंगल कार्यालय बांधलं होतं. स्टेजमागच्या मोठ्या खिडकीत रंगीत काच बसवायची होती आणि ती करायला त्यांनी मला सांगितलं. माझं पहिलं मोठं काम. ते निसटलं असतं तर भट्टी ठेवून उपयोग नव्हता. एक भंगारवाला आधीच दारात उभा राहून तिच्याकडे बघून गेला होता.

नमुना बघायला आप्पा आले, सोबत पुण्याहून आणलेला डेकोरेटर. निनाद नाव. गोरा, घामेजलेला, पोरगा तसा वाईट नव्हता. शेडमध्ये शिरल्या शिरल्या त्याचं लक्ष भिंतीला टेकवलेल्या त्या विटक्या काचेकडे गेलं.

"वा काकू! हाच. एकदम सटल."

"तो बिघडलेला आहे," मी म्हटलं.

"बिघडलेला? अहो, यालाच क्लास म्हणतात. पूर्ण लाल नकोच. लाल फार भडक होतो. इकडच्या लोकांना भडकच आवडतं, मान्य आहे. पण आपण त्यांना जरा चांगलं काहीतरी दाखवू या ना."

राग आला की माझी पुस्तकी भाषा गळून पडते. "इकडच्या म्हंजे कुटल्या लोकान्ला?"

आप्पांनी घाईनं मधे हात घातला. "अक्का, त्यांना पसंत हाय न्हवं? मग द्या की तसंच. तुमचा बी तरास वाचला."

माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर हात जोडले असते. चुकलेला माल, त्यावर कौतुक, वर लगेच सौदा. आयुष्यभर मी अशा गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेले. पण त्या काचेकडे बघितलं आणि मला आमच्या आरशाखालचा डाग आठवला.

"आप्पा, ह्यो रंग आलेला न्हाय. न आलेला रंग मी इकत न्हाय."

"अवो, घेणारा घेतोय की!"

"देणारी देत न्हाय."

आप्पा व्यापारी माणूस. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, भाव ओढून धरल्याचं नाटक आहे की खरं ते जोखलं, आणि म्हणाले, "बरं. कार्यालयात पयलं लगीन माझ्या पुतणीचं हाय. त्याच्या आत लाल दावा. न्हाय जमलं तर ह्यांच्या मनासारखं काय ते लावून टाकतो. मग तुमी आमच्यावर रुसायचं न्हाय."

निनाद जाता जाता म्हणाला, "काकू, भडक करू नका हं."

त्या शब्दावर मी नंतर पुष्कळ विचार केला. अजूनही करते. पुण्याच्या झाडीत फिका रंग शोभत असेल, मी नाही म्हणत नाही. आमच्याकडे दुपारी बाराचं ऊन आलं की फिकं सगळं पुसलं जातं. भिंती, रस्ते, माणसांचे शर्ट, आभाळ, सगळं एकाच पांढऱ्या रंगाचं होतं. अशा उन्हात ज्याला टिकायचं आहे त्यानं गडदच असलं पाहिजे. आमच्या चादरींचा लाल बघा, हिरवा बघा, वाळत घातलेल्या सुताच्या लडी बघा. तो गावंढळपणा नाही. ते उन्हाला दिलेलं उत्तर आहे. सावलीत राहणाऱ्यानं ते शिकवायला येऊ नये.

पण बोलणं सोपं होतं. लाल काही येईना. भट्टी जास्त तापवली, तर लालाचं कलेजीसारखं तपकिरी झालं. पातळ थरावर आणखी पातळ थर दिला, तर नुसतं दुधाळ धुकं. लाइट गेली की अर्धवट भाजलेली काच तशीच आत. शेडमध्ये उभं राहिलं की पत्र्याची आग डोक्यावर आणि भट्टीची पोटावर. टेलर येता जाता डोकावायचा आणि काही न विचारता परत जायचा, हे विचारण्यापेक्षा वाईट होतं.

अशात एक दिवस घरी पाहुणे आले. आईनं सुशीला करायला घेतला. सोलापूरकराला सांगायला नको. मुरमुरे भिजवून, पिळून, दाण्याचं कूट घालून करतात तो. आईनं सगळ्यात मोठ्या परातीत मुरमुऱ्यांचा डोंगर ओतला. माझा हात आपोआप पुढे गेला.

"आई, एवढे कशाला? वाया जातील."

"भिजू दे. मग बोल."

तिनं पाणी घातलं. बघता बघता डोंगर बसला. तिनं पिळून काढले तेव्हा परातीच्या तळाला जेमतेम पाहुण्यांपुरतं उरलं होतं.

"आता बोल," आई म्हणाली. "तुज्या हिशोबानं केलं असतं तर पावणे नुसती बोटं चाटत उपाशी गेले असते."

पाहुणे हसले. मी हसले नाही. मी परातीकडे बघत बसले होते. मग चपला घालून थेट शेडमध्ये गेले. आई मागून ओरडत होती, "अगं, खाऊन तर जा की!"

पूड म्हणजे मुरमुरेच. काच झाकली गेली असं मला वाटत होतं, पण निम्म्याहून जास्त ती हवाच होती. आचेत हवा निघून जायची आणि उरायचा तो नुसता रंगाचा वास. आणि मी? सगळ्या गावाकडून वरचं काढून घेणारी, पण पुडीला मात्र म्हणत होते, थोडक्यात भागव. रंगाशी कुणी घासाघीस करतं का? तो कमी-जास्त बोलत नाही. जेवढं दिलं तेवढंच दाखवतो.

त्या दिवशी मी डबा उपडा केला. आधी अगदी पीठ झालेली पूड बारीक चाळणीनं वेगळी केली, कारण त्या पिठातच बुडबुडे अडकून दुधाळपणा येतो. रव्यासारखी राहिली ती घेतली. आणि ओतली. बोटाच्या पेरभर ओतली. एकात एक अडकलेली मोठी वर्तुळं काढली, बांगड्यांसारखी, कारण माझ्या हाताला तेच येतं. भट्टी सावकाश चढवली, हवेला निघायला वेळ दिला. गार झाल्यावर त्याच वर्तुळांवर परत तेवढीच पूड, परत भट्टी. मग वाट. गरम असताना झाकण उघडलं तर सगळं तडकतं. झाकणावर हात ठेवून मी दुपारभर बसून होते, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

उघडलं तर आत काळं.

लाल नाही, काळं. टेबलावर काढून ठेवलं तरी काळंच. माझ्या तोंडून काय निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. टेलर मशीन सोडून धावत आला. "काय झालं अक्का?"

"धर हे," मी म्हटलं. "बाहेर नेऊन आपटायचंय."

एका बाजूनं त्यानं, एका बाजूनं मी, अशी ती काच उचलून दारात आणली. समोरून चारचं ऊन येत होतं. काच उभी झाली आणि टेलरच्या पांढऱ्या शर्टावर, मागच्या पत्र्यावर, भट्टीच्या झाकणावर, माझ्या पायांवर लाल सांडला. जाड लाल. ओला वाटावा असा. काळं दिसत होतं कारण तो भरलेला होता. उजेड पाठीशी आल्याशिवाय बोलणार नव्हता.

"आयला, अक्का!" टेलर म्हणाला. मग शर्टावरच्या लालाकडे बघून, "आपटायचंय व्हय अजून?"

आप्पा आले, बघितलं, आणि पहिल्यांदा मराठी विसरले. "केंप अंद्र इदु!" लाल म्हणजे हा.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण निनादनं तोवर सगळ्या कार्यालयाची थीम ठरवून टाकली होती आणि आप्पांच्या पुतणीलाही ती आवडली होती. स्टेजमागच्या खिडकीला फिका गुलाबी प्लास्टिकचा कागद लागला. माझी काच बसवली हात धुण्याच्या जागेत. बेसिनच्या रांगेवरच्या खिडकीत, जिथे लोक चुळा भरतात.

मी कार्यालयात जाऊन उभ्या उभ्या तमाशा केला. "आप्पा, देव्हाऱ्यातला देव मोरीत बसवलाव की हो तुमी!"

आप्पा शांत. "अक्का, जेवून उठलेला एकूण एक माणूस तिथं जातोय. स्टेजकडं बघतंय कोण?"

ठरलेली रक्कम त्यांनी दिली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार जागेबद्दल आहे, आणि ती मी दर उन्हाळ्यात, प्रत्येक लग्नाला चुडा भरायला गेले की, आप्पांच्या तोंडावर बोलून दाखवते. तेही सवयीनं ऐकून घेतात.

यंदा मात्र त्यांचाच फोन आला. स्टेजमागचा गुलाबी कागद उन्हानं पार पांढरा पडला आहे, कडेनं सोलतो आहे. सोलापूरच्या उन्हानं माझ्या वतीनं जे सांगायचं ते सांगितलं. आप्पा म्हणाले, "अक्का, तुमीच खऱ्या. तुमची काच काढून स्टेजमागं लावतो. आता तरी हसा की."

इतकी वर्षं ज्यासाठी भांडले ते ताटात वाढून आलं होतं. मी म्हटलं, "त्या काचेला हात लावायचा न्हाय. स्टेजला दुसरी करून देते. यापेक्षा भडक." आप्पा गोंधळले. "तुमाला काय पायजे तेच कळंना मला," म्हणाले. मी त्यांना कारण सांगितलं नाही. आदळआपट करणाऱ्या बाईला सगळी कारणं सांगावी लागत नाहीत, हा एक फायदा असतो.

कारण त्या पहिल्या लग्नाच्या दुपारचं आहे. मी अजून धुमसत होते, कुणाशी धड बोलत नव्हते. जेवणाची पंगत उठली, आई हात धुवायला गेली ती परत येईना. बघायला गेले. खिडकी पश्चिमेची, ऊन बरोबर काचेवर आलेलं. माझी वर्तुळं लांबट होऊन बेसिनवर, नळांवर, ओल्या फरशीवर पडली होती. मागे खरकट्या हातांच्या बायकांची रांग लागली होती. एक जण म्हणत होती, "अज्जी, सरका की, हात वाळायलेत आमचे."

आई सरकत नव्हती. नळ बंद होता. तिनं एक हात बेसिनवर तसाच धरला होता आणि तिच्या उघड्या मनगटावर लाल चढला होता.

मी शेजारी जाऊन उभी राहिले. तिनं माझ्याकडे बघितलं. हात मागे घेतला नाही.

"लई भडक हाय गं," ती म्हणाली.

"मग? फिका करू?"

"गप," आई म्हणाली, आणि दुसराही हात पुढे धरला.